सागरतळाचे खासगी प्रवासी

पृथ्वीच्या पृष्ठभागापैकी सुमारे ७१ टक्के भाग समुद्राखाली आहे आणि त्या समुद्राची सरासरी खोली साडेतीन किलोमीटरांहून अधिक आहे, हे शालेय भूगोलापासून आपल्या परिचयाचे असले, तरी या दोन आकड्यांचा अर्थ आपल्या मनात सहसा पुरतेपणी उतरलेला नसतो. ज्याच्यावर गलबते चालतात, ज्यात कोळ्यांची जाळी पडतात आणि ज्याच्या भरती-ओहोटीवर बंदरांचा व्यवहार अवलंबून असतो, तो आपल्या ओळखीचा समुद्र म्हणजे त्या अफाट जलराशीचा केवळ वरचा थर होय. दोनशे मीटरांखाली वनस्पतींचे पोषण होईल इतका प्रकाश पोचत नाही. हजार मीटरांखाली सूर्याचा अंमल सर्वस्वी संपतो. आणि तेथून तळापर्यंत जे विश्व पसरलेले आहे, ते अखंड काळोखाचे, गोठणबिंदूच्या जेमतेम वर राहणाऱ्या थंडीचे आणि कल्पनेलाही न पेलणाऱ्या दाबाचे विश्व आहे. सजीवांना राहावयास या ग्रहावर जेवढी जागा आहे, तिचा फार मोठा हिस्सा याच विश्वात मोडतो. परंतु ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून परत आलेल्या माणसांची संख्या आजही अत्यल्पच आहे.

दाबाचा हिशेब तसा सरळ आहे. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब आपल्या अंगावर असतो, तो एक वातावरण मानला, तर पाण्यात दर दहा मीटर उतरताना त्यात आणखी एकेका वातावरणाची भर पडत जाते. पाठीवर हवेची नळकांडी बांधून उतरणारा हौशी पाणबुड्या तीस-चाळीस मीटरांशी थांबतो. लढाऊ पाणबुड्या काही शे मीटरांपलीकडे सहसा जात नाहीत, कारण त्यांचे प्रयोजन शत्रूच्या दृष्टीआड राहण्याचे असते, तळ पाहण्याचे नसते. ‘टायटॅनिक’ या बुडालेल्या जहाजाचे अवशेष सुमारे ३,८०० मीटरांवर आहेत आणि तेथील दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे ३८० पट आहे. पश्चिम प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेत ‘चॅलेंजर डीप’ नावाचा जो ठाव आहे, तो सुमारे १०,९०० मीटर खोल असून तेथे हा दाब ११०० पटींच्या घरात जातो. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटर जागेवर एका टनाहून अधिक भार सर्व बाजूंनी अहोरात्र पडत असतो.

अशा ठिकाणी माणसाला नेऊन सुखरूप परत आणण्याचे काम ज्या यानांनी केले, ती आकाराने लहान आहेत. त्यांत दोन-तीन माणसे दाटीने बसतात. ती एखाद्या मोठ्या जहाजावरून पाण्यात सोडली जातात आणि काही तासांत त्याच जहाजाकडे परततात. शस्त्र, शयनगृह, दूरचा प्रवास यांतले काहीही त्यांच्या वाट्याला येत नाही. यांपैकी बरीचशी याने सरकारी खजिन्यातून निर्माण झालेली नाहीत. एखादा सधन पदवीधर, एखादा प्राध्यापक आणि त्याचा मुलगा, एखादा चित्रपट-दिग्दर्शक किंवा एखादा व्यापारी यांनी स्वतःचा पैसा, स्वतःची हौस आणि पुष्कळदा स्वतःचा जीव पणास लावून ती उभी केली. म्हणूनच खासगी पाणबुडीचा इतिहास पाहू लागले, म्हणजे व्यक्तीच्या स्वातंत्र्याने काय साधते आणि ते स्वातंत्र्य तपासणी नाकारू लागले म्हणजे काय ओढवते, या दोन्ही गोष्टींची रुजवात एकाच ठिकाणी होते.

या इतिहासाचा प्रारंभ बर्म्यूडा बेटांजवळ, १९३० साली झाला. विल्यम बीब हे न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय संस्थेतील नामांकित निसर्गशास्त्रज्ञ होते आणि खोल समुद्रातील जीव त्यांच्या स्वाभाविक परिस्थितीत पाहावे, ही त्यांची जुनी आकांक्षा होती. जाळ्यातून वर येणारे प्राणी बहुधा मेलेले, फाटलेले आणि रंग उडालेले असत. अशा कलेवरांवरून जिवंत सृष्टीची कल्पना करणे त्यांना असह्य वाटे. त्यांच्या मनात प्रथम नळकांड्याच्या आकाराचे यान घोळत होते. ओटिस बार्टन नावाच्या, वारसाहक्काने श्रीमंत झालेल्या तरुण अभियंत्याने या बेताची बातमी वाचली आणि नळकांडे त्या दाबाखाली टिकणार नाही, तेथे गोलच पाहिजे, हे ओळखून स्वखर्चाने पोलादी गोलाचा आराखडा करविला. पहिला ओतीव गोल इतका जड निघाला की जहाजावरील यंत्राला तो उचलेना. तेव्हा तो वितळवून दुसरा, हलका गोल ओतावा लागला. हेच ते ‘बॅथिस्फियर’. बाहेरून पावणेपाच फूट व्यासाचा हा गोल एका पोलादी दोरावर लोंबकळत असे. त्याच्या चारशे पौंडांच्या दारावर दहा मोठे बोल्ट आवळले, म्हणजे आतील दोघांना बाहेर येण्याचा मार्ग उरत नसे. वितळविलेल्या क्वार्ट्झच्या तीन इंच जाडीच्या खिडक्या, प्राणवायूच्या टाक्या, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा-लाइम, बाष्प टिपणारे कॅल्शियम क्लोराइड आणि हवा खेळती राहावी म्हणून हातात ताडपत्राचे पंखे, अशा सामग्रीवर बीब आणि बार्टन गुडघे पोटाशी घेऊन खाली जात आणि जे दिसेल त्याचे वर्णन दूरध्वनीच्या तारेवरून जहाजावरच्या सहकाऱ्यांना सांगत. १५ ऑगस्ट १९३४ रोजी ते ३,०२८ फुटांवर, म्हणजे सुमारे ९२३ मीटरांवर पोचले. स्वयंप्रकाशी मासे, झिंगे आणि जेलीफिश यांचे त्या खोलीतील जीवन मनुष्याच्या डोळ्यांनी प्रथमच पाहिले.

या दोघांच्या धैर्याचे वर्णन पुष्कळदा केले जाते. त्यांच्या एका शिरस्त्याकडे मात्र तितके लक्ष जात नाही. नव्या खोलीवर जाण्यापूर्वी ते गोल रिकामाच खाली सोडीत. १९३२ साली अशाच एका रिकाम्या फेरीहून परत आलेला गोल डेकवर ठेवल्यावर तो कमालीचा जड झाल्याचे लक्षात आले. खिडकीतून पाण्याची बारीक चिरकांडी उडत होती. बीब यांनी डेक मोकळे करविले आणि दाराच्या मधला बोल्ट हलक्या हाताने सैल करावयास घेतला. तो पुरता सुटण्याच्या आत आतील कोंडलेल्या दाबाने त्याला बंदुकीच्या गोळीच्या वेगाने डेकपलीकडे फेकले आणि समोरच्या यंत्राच्या पोलादात त्याने खाच पाडली. पाठोपाठ पाण्याचा घन स्तंभ बाहेर आदळला. एका खिडकीची बैठक नीट जुळलेली नव्हती, एवढाच तो दोष होता. परंतु त्या फेरीला गोलात माणसे असती, तर त्यांचे काय झाले असते, हे सांगावयास गणिताची गरज नाही. दोष दुरुस्त झाला, गोल पुन्हा रिकामा सोडून पारखला गेला, आणि मगच माणसे आत बसली. खोल समुद्राच्या विद्येतील पहिला मोठा धडा हाच होय.

पुढचे पाऊल ऑग्युस्त पिकार या स्विस पदार्थवैज्ञानिकाने टाकले. ब्रुसेल्सच्या विद्यापीठातील या प्राध्यापकाने १९३१ साली हवाबंद गोल बांधलेल्या बलूनमधून सुमारे १५,७८० मीटर उंची गाठली होती. तोच विचार त्याने उलटा करून समुद्रास लावला. दोरावर लोंबकळणाऱ्या गोलाला दोराच्या लांबीची आणि बळाची मर्यादा असते. तेव्हा दोर काढून टाकावा आणि गोलाला एक प्रचंड तरंगती टाकी जोडून तो स्वतंत्रपणे खाली-वर होऊ द्यावा, ही ‘बॅथिस्केफ’ची मूळ कल्पना. टाकीत हवा भरली तर दाबाने ती चिरडणार. म्हणून पिकारने तीत पेट्रोल भरले. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके आणि हवेच्या मानाने जवळजवळ असंकोचनीय असल्यामुळे टाकी खालून समुद्रास मोकळी ठेवता येते, आतबाहेर दाब सारखा राहतो आणि पातळ पत्र्याची टाकीही चेपत नाही. खाली जाण्यासाठी लोखंडी छऱ्यांचा भार घेतला जाई आणि तो भार विद्युत्-चुंबकांनी धरून ठेवलेला असे. यात एक फार मोठे शहाणपण होते: वीज बंद पडली तर चुंबकत्व जाई, छरे आपोआप गळून पडत आणि यान कोणी हात न लावता वर येई. यंत्र बिघडले तरी त्याने माणसाला घराकडेच आणावे, हे तत्त्व पुढील सर्व चांगल्या यानांनी स्वीकारले.

१९५३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, पिकार आपला मुलगा झाक याच्यासह ‘त्रिएस्ते’ या यानातून इटलीतील पोन्झा बेटाजवळ ३,१५० मीटर खाली उतरले. हे यान इटालियन शहराच्या, कारखान्यांच्या आणि देणगीदारांच्या साहाय्याने उभे राहिले होते. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने ते विकत घेतले, त्याला जर्मनीतील क्रुप कारखान्यात घडविलेला अधिक बळकट गोल बसविला आणि २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार व लेफ्टनंट डॉन वॉल्श हे जवळजवळ पाच तासांच्या अवतरणानंतर चॅलेंजर डीपच्या तळाशी पोचले. वाटेत, सुमारे नऊ हजार मीटरांवर, एका बाहेरच्या खिडकीला तडा गेल्याचा आवाज सबंध यानात घुमला. तळाशी ते केवळ वीस मिनिटे थांबले. त्यानंतर बावन्न वर्षे त्या जागी कोणीही माणूस गेला नाही.

या यानांच्या रचनेत जी बुद्धी वेचली गेली आहे, ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. बाहेरील दाब सर्व दिशांनी सारखा असल्याने तो सारखाच वाटून घेणारा आकार म्हणजे गोल. तितक्याच जाडीच्या आणि व्यासाच्या नळकांड्याच्या भिंतीवर गोलाच्या भिंतीपेक्षा दुप्पट ताण येतो, आणि म्हणूनच आत माणसांची गैरसोय झाली तरी जाणते रचनाकार गोल सोडीत नाहीत. खिडकीचा प्रश्न त्याहून नाजूक. पिकार यांनी तिच्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा छाटलेला शंकू योजिला, ज्याचे रुंद तोंड बाहेर आणि निमुळते तोंड आत असते. बाटलीच्या तोंडात बूच दाबावे तसा समुद्र हा शंकू त्याच्या बैठकीत दाबीत जातो आणि खोली वाढेल तसतशी खिडकी अधिकच घट्ट बसते. बॅटऱ्या आणि मोटारी मात्र गोलाबाहेर, तेलाने भरलेल्या पेट्यांत ठेवतात. तेल दाबाला दाद देत नाही, त्यामुळे या पेट्यांना जाड भिंतींची आवश्यकता राहत नाही. पेट्रोलच्या अवजड टाकीची जागा पुढे एका विशेष फेसाने घेतली. सूक्ष्म पोकळ काचगोल राळेत मिसळून तयार केलेला हा घन पदार्थ तरंगतोही आणि अकरा किलोमीटर खोलीवर चिरडतही नाही.

श्वासोच्छ्वासाची व्यवस्था वरवर सोपी दिसते. टाकीतून प्राणवायू थोडाथोडा सोडावा, रसायनाने कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यावा आणि यान अडकलेच तर शोधपथक येईपर्यंत पुरेल असा साठा राखावा. आज अशा साठ्याचे प्रमाण सामान्यतः ९६ तास मानतात. परंतु समुद्राची थंडी या हिशेबात कशी ढवळाढवळ करते, याचा दाखला १९७३ च्या जूनमध्ये फ्लोरिडाजवळ मिळाला. संशोधक एडविन लिंक आणि उद्योगपती सीवर्ड जॉन्सन यांनी स्वखर्चाने बांधलेली ‘जॉन्सन सी लिंक’ ही पाणबुडी फक्त ११० मीटर खोलीवर, एका बुडालेल्या जहाजाच्या दोरखंडांत अडकली आणि ती वर काढण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला. पुढच्या भागातील दोघे जाड ॲक्रिलिकच्या गोलात होते. ॲक्रिलिक उष्णतेचे दुर्वाहक असल्याने त्यांच्याजवळील शोषक रसायन कार्यक्षम राहिले आणि ते वाचले. मागच्या भागातील दोघे ॲल्युमिनियमच्या कक्षात होते. त्या धातूने आतली ऊब समुद्राला देऊन टाकली, गारठलेले रसायन निकामी होत गेले आणि साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने दोघांचा अंत झाला. त्या दोघांपैकी एक लिंक यांचा स्वतःचा मुलगा होता. या आघातानंतर लिंक यांनी तोंड फिरविले नाही. अशा संकटात अडकलेल्या पाणबुडीला सोडविणारे मनुष्यरहित यंत्र त्यांनी रचले आणि सुधारलेली ती पाणबुडी पुढे कित्येक दशके शास्त्रज्ञांच्या सेवेत राहिली. ज्या अपघाताची उघड चौकशी होते, त्यातील मृत्यूही पुढच्यांना जीवन देऊन जातो.

तळाशी असलेल्या यानाचा वरच्या जहाजाशी संपर्क हाही एक स्वतंत्र अडथळा आहे. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही मीटरांत विरून जातात. तेथे केवळ ध्वनीच चालतो. ध्वनीचा पाण्यातील वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर असल्यामुळे चॅलेंजर डीपहून उच्चारलेला शब्द वर पोचावयास सात सेकंदांहून अधिक लागतात आणि उत्तर येईतो पंधरा सेकंद उलटतात. यानाचे चालक म्हणूनच अर्थपूर्ण मितभाषी असतात. ठरलेल्या वेळी खोली, दिशा आणि आतील हवेचे प्रमाण कळवावयाचे, हा त्यांचा नेम असतो.

ॲक्रिलिकच्या पारदर्शक गोलाचा उल्लेख वर आला आहे. गेल्या काही दशकांत या गोलाने खासगी पाणबुडीचे स्वरूप पालटून टाकले आहे. या पदार्थाचा वक्रीभवनांक पाण्याच्या पुष्कळ जवळचा असल्याने पाण्यात गेल्यावर गोलाची कड डोळ्यांना जाणवेनाशी होते आणि बसलेल्या माणसाला चहूबाजूंनी समुद्रच दिसतो. फ्लोरिडातील ट्रायटन, नेदरलँड्समधील यू-बोट वर्क्स आणि कॅलिफोर्नियातील सीमॅजीन या कंपन्या अशा पाणबुड्या बांधतात. त्यांचे ग्राहक बव्हंशी विलासनौकांचे धनी असले, तरी त्यांतून विज्ञानाला मिळालेला लाभ क्षुल्लक नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात जपानच्या ओगासावारा बेटांजवळ एका खासगी मालकीच्या संशोधननौकेवरून अशीच एक ट्रायटन पाणबुडी उतरविण्यात आली. एडिथ विडर या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाईंनी जेलीफिशच्या प्रकाशाची नक्कल करणारा निळा दिवा आणि लाल प्रकाशाचा मूक कॅमेरा यांच्या साहाय्याने त्या पाण्यात महाकाय माखलीला आकृष्ट केले. त्यानंतर त्सुनेमी कुबोदेरा हे जपानी शास्त्रज्ञ पाणबुडीत बसून सुमारे ६३० मीटरांवर तिच्या समोर आले आणि आमिषाला बिलगलेल्या त्या प्राण्याबरोबर जवळजवळ ९०० मीटरांपर्यंत खाली गेले. शतकानुशतके खलाशांच्या कथांत आणि किनाऱ्यावर लागलेल्या प्रेतांत भेटणारा हा जीव आपल्या घरात जिवंत असताना तेव्हा प्रथमच चित्रित झाला. मोठ्या जहाजांच्या यंत्रांचा गोंगाट आणि दिव्यांचा झगमगाट जिथे प्राण्यांना पळवून लावतो, तिथे एक लहानशी, शांत पाणबुडी काय साधू शकते, याचे हे उत्तम प्रमाण होय.

अतिखोल गर्तांकडे माणूस पुन्हा वळला तोही खासगी वाटेनेच. २६ मार्च २०१२ रोजी चित्रपट-दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन हे सिडनीत बांधलेल्या ‘डीपसी चॅलेंजर’ या उभ्या, हिरव्या यानातून एकटेच चॅलेंजर डीपच्या तळाशी गेले. ज्या पोलादी गोलात ते बसले होते, त्याचा आतील व्यास जेमतेम ११० सेंटिमीटर होता. परंतु ते यान त्यानंतर पुन्हा तळाशी गेले नाही. वारंवार जाऊन येऊ शकेल असे यान व्हिक्टर व्हेस्कोव्हो या अमेरिकन गुंतवणूकदाराने ट्रायटनकडून करवून घेतले. ‘लिमिटिंग फॅक्टर’ या दोन आसनांच्या यानाचा गोल टायटॅनियमच्या दोन घडीव अर्धगोलांचा, नऊ सेंटिमीटर जाडीचा होता. तो समुद्रात जाण्याआधी सेंट पीटर्सबर्ग येथील दाबकक्षात, प्रत्यक्ष गरजेपेक्षा अधिक दाबाखाली पारखण्यात आला. डिसेंबर २०१८ ते ऑगस्ट २०१९ या अवधीत व्हेस्कोव्हो पाचही महासागरांच्या सर्वांत खोल ठिकाणी उतरले. आपल्या हिंदी महासागरातील जावा गर्तेचा सुमारे ७,१९२ मीटरांचा तळही त्यांत आला. जहाजावरील अत्याधुनिक सोनारने घेतलेली सागरतळाची मोजणी त्यांनी जगाच्या नकाशासाठी खुली करून दिली. पुढच्याच वर्षी त्यांच्यासमवेत माजी अंतराळवीर कॅथी सलिव्हन या चॅलेंजर डीपला जाऊन आल्या. तेथे जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

या मोहिमेतील एक प्रसंग मला सर्वांत अर्थगर्भ वाटतो. जहाजांची रचना, साहित्य आणि कारागिरी पारखून त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या स्वतंत्र संस्था एकोणिसाव्या शतकापूर्वीपासून चालत आल्या आहेत. विम्याचा व्यवहार आणि खलाशांचे प्राण त्यांच्या शिक्क्यावर विसंबून असतात. व्हेस्कोव्हो यांच्या यानाची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या परीक्षकाने केवळ कागद पाहून सही केली नाही. २०१९ च्या मे महिन्यात तो स्वतः, यान बांधणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाशेजारी बसून, चॅलेंजर डीपच्या तळापर्यंत उतरला. त्या फेरीत चिखलात रुतून बसलेले एक उपकरणही त्यांनी मोकळे केले. अकरा किलोमीटर खोलीचा परवाना देणारा हात अकरा किलोमीटर खोलीवर जाऊन आला, यापेक्षा मोठी खातरजमा ती कोणती?

याच्या अगदी उलट दिशेने गेलेली कथा ‘टायटन’ची. ओशनगेट या अमेरिकन कंपनीने प्रवाशांना ‘टायटॅनिक’पर्यंत नेण्यासाठी जे यान बांधले, त्यात पाच माणसे बसावीत म्हणून गोलाऐवजी नळकांड्याचा आकार निवडण्यात आला आणि त्या नळकांड्यासाठी कार्बन-तंतू व राळ यांचे पाच इंच जाडीचे थर गुंडाळण्यात आले; दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या टोप्या बसविल्या. कार्बन-तंतू ओढ सोसण्यात अद्वितीय आहे. परंतु सर्व बाजूंनी चेपले जाण्यात, आणि तेही पुन्हापुन्हा, त्याचे वर्तन धातूइतके खात्रीचे नाही, कारण थर एकमेकांपासून आतल्या आत सुटू लागतात आणि प्रत्येक फेरीगणिक इजा साचत जाते. कंपनीच्या सागरी कामकाजाच्या संचालकाने २०१८ साली लेखी आक्षेप नोंदविले. त्याला काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी या क्षेत्रातील तीन डझनांहून अधिक जाणकारांच्या वतीने कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांना पत्र लिहिण्यात आले आणि स्वतंत्र संस्थेकडून यान प्रमाणित करून घेण्याची विनंती करण्यात आली. ती मानली गेली नाही. अशी तपासणी नव्या कल्पनांच्या आड येते, अशी कंपनीची भूमिका होती. २०२२ च्या एका फेरीअखेर वर येताना यानात मोठा आवाज झाला आणि भिंतीवरील मापकांच्या नोंदी त्यानंतर बदललेल्या दिसल्या. तरीही यान पुन्हा पाण्यात उतरविण्यात आले. १८ जून २०२३ रोजी, अवतरणास सुमारे दीड तास झाला असता, ‘टायटन’शी असलेला संपर्क तुटला आणि चार दिवसांनी ‘टायटॅनिक’च्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरांवर त्याचे तुकडे सापडले. रश आणि त्यांच्यासह चार प्रवासी क्षणार्धात मृत्युमुखी पडले होते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात हा अपघात टाळता येण्यासारखा होता, असा स्पष्ट निष्कर्ष नोंदविला आहे.

या प्रकरणाकडे पाहताना एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. रश स्वतः त्या यानात बसले होते. दुसऱ्याला धोक्यात लोटून आपण किनाऱ्यावर राहणाऱ्यांतले ते नव्हते. आपल्या यंत्रावर त्यांची श्रद्धा होती आणि ती श्रद्धा खरी होती. परंतु नेमका इथेच बोध आहे. श्रद्धेचा खरेपणा हा यंत्राच्या भक्कमपणाचा पुरावा होत नाही. धैर्य हे गुण म्हणून कितीही वंदनीय असले, तरी साक्ष म्हणून ते कुचकामी आहे. बीब आणि बार्टन हेही धाडसीच होते. फरक इतकाच की आपल्या गोलावरचा विश्वास ते आधी रिकाम्या गोलाकरवी सिद्ध करून घेत आणि समुद्राने विरुद्ध कौल दिला, तर तो निमूटपणे स्वीकारीत. ‘टायटन’लाही समुद्राने २०२२ साली कौल दिला होता, तो ऐकण्याची तयारी नव्हती.

तेव्हा खासगी पाणबुड्यांना बंदीच घालावी काय, असा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले पाहिजे. खोल समुद्राचे विज्ञान केवळ सरकारी दफ्तरांवर सोडले असते, तर १९३० चा गोल कदाचित ओतलाच गेला नसता आणि १९६० नंतरची बावन्न वर्षांची शांतता आणखी किती लांबली असती, कोण जाणे. सरकारांना आपापली निकड असते, आणि ती योग्यच असते. भारताचेच पाहावे. गोव्यातील दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातुक गोटे प्रथम वर आणले. पुढे मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा शोधहक्क देशाला मिळाला. आणि त्या निकेल, कोबाल्ट, तांबे व मँगनीजयुक्त संपत्तीपर्यंत माणूस नेण्यासाठी आज चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य-६०००’ हे तीन आसनांचे, टायटॅनियमच्या गोलाचे यान सिद्ध करीत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन भारतीयांनी फ्रान्सच्या ‘नॉतील’ यानातून अटलांटिक महासागरात सुमारे चार आणि पाच हजार मीटरांपर्यंत जाऊन या विद्येचा प्रत्यक्ष अनुभवही घेतला. ही सारी उभारणी खनिजांच्या राष्ट्रीय गरजेतून झाली आहे. परंतु केवळ पाहण्यासाठी उतरणारा, एका माखलीमागे रात्री घालविणारा, पाच गर्तांचे तळ मोजण्यासाठी स्वतःची मिळकत खर्च करणारा माणूसही जगाला हवा आहे, आणि त्याला ती मुभा नाकारणे म्हणजे ज्ञानाचा एक दरवाजा आपल्या हातांनी बंद करणे होय.

मात्र त्या मुभेला एक अट जोडलेली असली पाहिजे. आंतरराष्ट्रीय पाण्यात कोणत्याही एका देशाचा हुकूम पुरता चालत नाही. ‘टायटन’ अशाच पाण्यात उतरत होते. तेथे कायद्याची जागा परंपरेने घ्यावी लागते आणि ती परंपरा पिकार, लिंक, व्हेस्कोव्हो यांच्यासारख्यांनी घालून दिलेली आहे: यान दाबाखाली आधी माणसांविना पारखावे, बिघडले तर आपोआप वर येईल असे बांधावे, दोषाच्या नोंदी झाकू नयेत, आणि ज्याचा त्या यानाच्या नफ्याशी संबंध नाही अशा परीक्षकाचा शिक्का त्यावर असावा. एकट्याने, स्वतःच्या जिवाच्या जोरावर उतरू पाहणाऱ्याला याहून अधिक स्वातंत्र्य हवे असेल, तर त्याविषयी वाद घालता येईल. परंतु दुसऱ्याला आसन देताच ही बाब खासगी राहत नाही. ज्या यानात निष्पक्ष परीक्षक तळापर्यंत बसावयास राजी नाही, त्या यानात पैसे देणाऱ्या प्रवाशाला बसविण्याचा अधिकार त्याच्या मालकाला, तो कितीही धाडसी आणि कितीही प्रामाणिक असो, असता कामा नये.